अविचल फलंदाज विजय हजारे

कृष्णेच्या काठी वसलेले सांगली हे गाव महाराष्ट्राला अनेक कारणांनी परिचित आहे. येथील हळदीची पेठ दूरवर प्रसिद्ध आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी आपले ‘सीतास्वयंवर’ हे नाटक याच गावी रंगभूमीवर आणले. त्यामुळे मराठी नाटकाची जन्मभूमी हा मानही सांगलीलाच मिळाला. इंग्रजी अमदानीत सांगली ही पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती, आणि जवळच इंग्रजांच्या ताब्यातील सातारा जिल्ह्याचा मुलूख पसरलेला होता. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि भोवतालची संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० साली त्यालाच सांगली जिल्हा हे नाव देण्यात आले.

याच सांगली गावी ११ मार्च १९१५ रोजी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे मराठी ख्रिस्ती होते. वडील शाळेत शिक्षक होते. घरात एकूण आठ भावंडे. शिक्षकाचा पेशा मानाचा खरा. परंतु त्या काळी त्या पेशात पैसा फारसा नव्हता. अशा घरातील मुलाने पुढे हिंदुस्थानच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करावे आणि देशाला पहिला कसोटी विजय मिळवून द्यावा, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण निसर्गाने विजयला एक मोठे धन दिले होते. ते धन म्हणजे शांत आणि स्थिर मन. तो बोलत असे थोडे, वागत असे सौम्यपणे. आणि एकदा हाती घेतलेले काम पुरे झाल्याखेरीज तो ते सोडत नसे.

आज उत्तम क्रिकेटपटूंना खेळातून विपुल धन मिळते. त्या काळी तशी स्थिती नव्हती. खेळावर पोट भरत नसे. म्हणून गुणी खेळाडूंना बहुधा राजेरजवाड्यांचा आश्रय शोधावा लागे. कित्येक संस्थानिकांना क्रिकेटची मोठी आवड होती. ज्याप्रमाणे ते गवयांना आणि मल्लांना पदरी ठेवीत, त्याचप्रमाणे ते क्रिकेटपटूंनाही आपल्या दरबारात किंवा लष्करात नोकरी देत. नोकरी नाममात्र असे. खरे काम मैदानावरच चाले. या आश्रयामुळे अनेक गरीब खेळाडूंना सरावासाठी वेळ मिळाला. हजारे यांनाही प्रथम देवासच्या आणि नंतर बडोद्याच्या महाराजांचा आश्रय लाभला.

१९३४-३५ च्या हंगामात हजारे महाराष्ट्राच्या संघातून प्रथम दर्जाचे सामने खेळू लागले. त्यानंतर काही वर्षे ते मध्य हिंदुस्थानच्या संघाकडूनही खेळले. फलंदाजीबरोबरच ते मध्यम गतीची गोलंदाजीही करीत. याच काळात त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे मार्गदर्शन मिळाले. ग्रिमेट हा जगातील एक श्रेष्ठ फिरकी गोलंदाज होता. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत चारचौघांसारखी नव्हती. दोन्ही पायांच्या पॅडांमध्ये बॅट धरून ते चेंडूची वाट पाहत. पाहणाऱ्याला ती ढब काहीशी अवघडलेली वाटे. पुस्तकी शिक्षक असता, तर त्याने प्रथम ती ढबच मोडून काढली असती. ग्रिमेटने तसे केले नाही. जे शिष्याला स्वाभाविक आहे ते त्याने तसेच राहू दिले आणि बाकीच्या खेळाला पैलू पाडले. गुरू कसा असावा, याचा हा चांगला नमुना होय.

हजारे यांच्या खेळाचे मर्म त्यांच्या बचावात होते. बचाव म्हणजे भित्रेपणा नव्हे. वेगाने येणारा चेंडू कोठे टप्पा घेणार, तो आत वळणार की बाहेर जाणार, त्याला खेळावे की सोडून द्यावे, याचा निर्णय फलंदाजाला निमिषार्धात घ्यावा लागतो. बॅट आणि पॅड यांमध्ये बोटभर जरी फट राहिली, तरी चेंडू त्यातून शिरून यष्ट्या उडवतो. हजारे ती फट सहसा राहू देत नसत. मोहात पाडणारा चेंडू ते निर्विकारपणे सोडून देत, आणि मारण्याजोगा चेंडू आला की मात्र तो कुशलतेने सीमेपार धाडीत. किल्लेदार ज्याप्रमाणे आधी तटबंदी राखतो आणि शत्रू थकल्यावर दरवाजे उघडून बाहेर पडतो, त्याच पद्धतीने त्यांचा डाव उभा राहत असे.

या खेळाची थोरवी प्रथम पुण्यात दिसून आली. १९३९-४० च्या हंगामात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राची गाठ बडोद्याशी पडली. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. या सामन्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकाच्या इतिहासातील हे पहिलेच त्रिशतक होते. त्या वर्षी महाराष्ट्राने करंडक जिंकला, आणि पुढील वर्षीही तो आपल्याकडे राखला. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी एवढे दमवले, त्याच बडोद्याच्या संघात थोड्याच काळात हजारे दाखल झाले. १९४१ पासून तब्बल वीस वर्षे त्यांनी बडोद्याची सेवा केली, आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे गाव झाले.

त्या काळी मुंबईत भरणारी पंचरंगी सामन्यांची स्पर्धा फार गाजत असे. या स्पर्धेत प्रांतांचे संघ नसत. धर्म व समाज यांवरून संघ पाडलेले असत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ पूर्वीपासून खेळत होते. १९३७ साली पाचव्या संघाची भर पडली. ज्यांना या चारांपैकी कोठेच स्थान नव्हते, अशा भारतीय ख्रिस्ती, ज्यू इत्यादी समाजांतील खेळाडूंचा हा ‘इतरेजन’ संघ होता. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ते या संघातून खेळत. धर्मावरून संघ पाडण्याची ही पद्धत अनेक विचारी माणसांना मान्य नव्हती. १९४० साली महात्मा गांधींनी तिच्याविषयी आपली नापसंती उघडपणे व्यक्त केली होती. पुढे १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली, ते योग्यच झाले. परंतु याच स्पर्धेतील एका सामन्यात हजारे यांनी जो पराक्रम केला, त्याची आठवण मात्र टिकून राहिली.

तो सामना १९४३ च्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. अंतिम सामन्यात हिंदू संघ आणि इतरेजनांचा संघ समोरासमोर उभे होते. हिंदू संघ अत्यंत बलाढ्य होता. त्याने ५ गडी बाद ५८१ धावांचा डोंगर रचून डाव सोडला. त्यात एकट्या विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. उत्तरादाखल इतरेजनांचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला आणि त्यांच्यावर लगोलग दुसऱ्यांदा फलंदाजी करण्याची पाळी आली. पराभव तर स्पष्ट दिसत होता. अशा वेळी सामान्य खेळाडूचे हातपाय गळतात. कसेबसे खेळून एकदाचे सुटावे, असे त्याला वाटते.

हजारे यांना तसे वाटले नाही. एका बाजूने सहकारी बाद होत असता त्यांनी दुसरी बाजू लावून धरली. सहाव्या गड्यासाठी त्यांचे धाकटे बंधू विवेक हजारे त्यांना येऊन मिळाले. विवेक हा काही मोठा फलंदाज नव्हता. पण आपण बाद व्हायचे नाही आणि भावाला खेळू द्यायचे, एवढे एकच काम त्याने निष्ठेने केले. या दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्या ३०० धावांत विवेकचा वाटा होता केवळ २१ धावांचा! संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. बाकीच्या दहा खेळाडूंच्या धावा आणि अवांतर धावा यांची बेरीज अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेली नाही.

इतके करूनही इतरेजनांचा एक डाव आणि ६१ धावांनी पराभव झाला. मग त्या ३०९ धावांचा उपयोग काय, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. विजय हाच जर खेळाचा एकमेव हेतू मानला, तर उपयोग काहीच नाही. पण खेळ म्हणजे केवळ निकालाचा आकडा नव्हे. ज्या संघाला कोणी जमेत धरले नव्हते, त्याच्या एका खेळाडूने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला घाम फोडला. पराभव टळत नाही हे माहीत असताही आपले काम चोख करणे, ही जिंकण्याहूनही अवघड गोष्ट आहे. त्या दिवशी मुंबईच्या प्रेक्षकांना ते पाहावयास मिळाले. मर्चंट श्रेष्ठ की हजारे श्रेष्ठ, असा वाद त्यानंतर क्रिकेटप्रेमी लोकांत कित्येक वर्षे रंगत राहिला.

१९४७ च्या मार्च महिन्यात बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोद्याची गाठ इंदूरच्या होळकर संघाशी होती. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. परंतु बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांतच तंबूत परतले. त्या वेळी हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. गुल महंमद हा लाहोरचा डावखुरा फलंदाज. तो अंगाने लहान, पण खेळाने तडफदार होता. हजारे धीमे, तर गुल महंमद चपळ. एक तट राखीत होता, दुसरा हल्ला चढवीत होता. चौथ्या गड्यासाठी या दोघांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमदने ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा काढल्या. बडोद्याने ७८४ धावा करून एक डाव व ४०९ धावांनी सामना जिंकला.

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी जगात त्यापूर्वी कधी झाली नव्हती. हा विक्रम ५९ वर्षे अबाधित राहिला. २००६ साली कोलंबो येथे श्रीलंकेच्या कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागीदारी करून तो मोडला. पण आकड्यांहून वेगळी अशी एक गोष्ट या भागीदारीत होती. ते दिवस देशाच्या इतिहासात फार कसोटीचे होते. फाळणीचे वारे वाहत होते. पंजाबात माणसे माणसांचे गळे कापीत होती. अशा वेळी बडोद्याच्या मैदानावर सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरचा एक मुसलमान खांद्याला खांदा लावून एका संघासाठी धावत होते. एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने विश्वासाने धाव घ्यावी, यावरच भागीदारी उभी राहते. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेला आणि १९५६ साली त्या देशाकडूनही खेळला. परंतु त्या दोघांची नावे विक्रमांच्या वहीत एका ओळीत लिहिली गेली, ती कायमचीच.

दोन देशांच्या संघांत पाच दिवस चालणाऱ्या सामन्याला कसोटी सामना म्हणतात. खेळाडूच्या कौशल्याची, शक्तीची आणि धीराची तेथे खरी कसोटी लागते. हजारे यांना तेथवर पोहोचण्यास फार विलंब झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३६ पासून १९४६ पर्यंत हिंदुस्थानचा एकही कसोटी सामना झाला नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी युद्धात वाया गेली. १९४६ च्या जून महिन्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हजारे आपला पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. या वयाला पुष्कळ खेळाडूंचा उतार सुरू होतो. हजारे यांचा उत्कर्ष येथून सुरू झाला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४७-४८ साली भारताचा संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता डॉन ब्रॅडमन. त्याच्यासारखा फलंदाज जगाने दुसरा पाहिला नाही. त्याच्या संघात रे लिंडवॉल व कीथ मिलर हे तुफान वेगाचे गोलंदाज होते. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथील कसोटी सामन्यात ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमनने २०१ धावा काढल्या आणि अखेर त्याचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनीच. सिडनीच्या सामन्यातही त्यांनी ब्रॅडमनचा असाच त्रिफळा उडवला होता.

भारताच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ धावा काढल्या. त्यांच्या जोडीला दत्तू फडकर हा कोल्हापुरात जन्मलेला तरुण खेळाडू होता. त्याने १२३ धावा केल्या. कृष्णाकाठचा आणि पंचगंगेकाठचा असे हे दोन शेजारी परक्या भूमीवर ब्रॅडमनच्या संघाशी झुंजत होते. भारताच्या ३८१ धावा झाल्या. पण त्या पुरेशा नव्हत्या. लगेच दुसरा डाव सुरू करावा लागला. त्या डावात लिंडवॉलने नुसता कहर केला. भारताच्या सहा खेळाडूंना एकही धाव करता आली नाही. एवढी पडझड चालू असता हजारे मात्र खडकासारखे उभे होते. त्यांनी १४५ धावा काढल्या. हेमू अधिकारी यांनी ५१ धावा करून त्यांना मोलाची साथ दिली. भारत एक डाव व १६ धावांनी हरला. तथापि एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक काढणारा पहिला भारतीय फलंदाज म्हणून हजारे यांचे नाव जगभर झाले.

पुढील वर्षी वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबई येथील अखेरच्या कसोटी सामन्यात भारताला जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ धावा काढून विजय दृष्टिपथात आणला. परंतु वेळ संपली तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या. अवघ्या सहा धावांनी विजय हुकला! १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हापासून एकाही सामन्यात त्याला जय मिळाला नव्हता. सारा देश त्या पहिल्या जयाची वाट पाहत होता.

१९५१-५२ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा भारताचे नेतृत्व हजारे यांच्याकडे सोपवण्यात आले. दिल्लीच्या सामन्यात त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबईच्या सामन्यात १५५ धावा काढल्या. पण विजय हाती आला नाही. उलट कानपूरच्या सामन्यात इंग्लंडने भारताला हरवले. आता मालिकेतील एकच सामना उरला होता. तो ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाल्याची वार्ता आली आणि दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवण्यात आला.

या सामन्यात विनू मांकड यांनी आपल्या डावऱ्या हाताच्या फिरकीने इंग्लंडचा पहिला डाव उधळून लावला. त्यांनी ५५ धावांत ८ गडी बाद केले. इंग्लंडच्या २६६ धावा झाल्या. भारतातर्फे पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. ९ बाद ४५७ धावांवर हजारे यांनी डाव सोडला. दुसऱ्या डावात मांकड यांनी आणखी ४ गडी टिपले, आणि १० फेब्रुवारी रोजी भारताने एक डाव व ८ धावांनी सामना जिंकला. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, पंचविसाव्या कसोटी सामन्यात भारताला हा पहिला विजय लाभला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या डावांत हजारे यांनी एकट्याने डोंगर उचलला, ते सामने संघ हरला. आणि जो सामना इतिहासात अजरामर झाला, त्यात त्यांच्या स्वतःच्या धावा केवळ २० होत्या. त्या दिवशी पराक्रम सहकाऱ्यांचा होता. कर्णधाराचे काम त्यांना एकत्र आणून योग्य वेळी योग्य जागी उभे करण्याचे होते, आणि ते त्यांनी केले.

विजयाचा हा आनंद फार काळ टिकला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. पहिला कसोटी सामना लीड्स येथे होता. पहिल्या डावात हजारे यांनी ८९ आणि तरुण विजय मांजरेकर यांनी १३३ धावा काढून २२२ धावांची सुंदर भागीदारी केली. दुसऱ्या डावात मात्र भलताच प्रसंग ओढवला. फ्रेड ट्रूमन हा वेगवान गोलंदाज त्या सामन्यात प्रथमच इंग्लंडकडून खेळत होता. त्याच्या आणि ॲलेक बेडसरच्या माऱ्यापुढे पहिल्या चौदा चेंडूंतच भारताचे चार गडी बाद झाले. धावफलकावर एकही धाव लागलेली नव्हती. शून्य धावा आणि चार बाद, अशी अवस्था कसोटी क्रिकेटने त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

अशा वेळी हजारे मैदानावर होते. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी मैदान दणाणत होते. हजारे यांनी नेहमीच्या पद्धतीने बॅट दोन्ही पॅडांमध्ये धरली आणि ते एकेक चेंडू खेळू लागले. चार गडी शून्यावर गेले म्हणून पुढचा चेंडू काही अधिक वेगाने येणार नव्हता, किंवा अधिक हळूही येणार नव्हता. त्याला त्याच्या गुणाप्रमाणेच खेळावयाचे होते. पाचवा गडीही लवकरच गेला. मग ॲडलेडप्रमाणेच येथेही फडकर त्यांच्या साथीला आले. दोघांनी मिळून १०५ धावांची भर घातली. हजारे यांनी ५६ व फडकर यांनी ६४ धावा काढल्या. सामना हरला, पण संघाची पुरती नाचक्की टळली. याच दौऱ्यात ओव्हल येथील सामन्यात ६ धावांत ५ गडी बाद झाले, तेव्हाही सर्वाधिक ३८ धावा हजारे यांच्याच होत्या.

नेतृत्वाचा भार हजारे यांच्या मृदू स्वभावाला मानवला नाही, असे पुष्कळ जाणकारांचे मत होते. ते कठोर शब्द वापरीत नसत, कोणाशी भांडत नसत. संघ हरला की टीकेचे घाव मात्र कर्णधारावरच पडत. तेही त्यांनी मुकाट्याने सोसले. १४ कसोटी सामन्यांत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. १९५३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोटी सामन्यांत त्यांनी २,१९२ धावा काढल्या. त्यांत ७ शतके होती आणि त्यांची सरासरी ४७.६५ पडली. प्रथम दर्जाच्या सर्व सामन्यांत मिळून त्यांनी १८,७४० धावा आणि ६० शतके केली, तसेच ५९५ गडी बाद केले. फलंदाज म्हणून गाजलेल्या माणसाच्या नावावर एवढे बळी असावेत, हे पाहून आश्चर्य वाटते.

कसोटी क्रिकेट सुटले, तरी खेळ सुटला नाही. बडोद्याच्या संघासाठी ते १९६१ पर्यंत खेळत राहिले. त्यांच्या काळात बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब देऊन गौरवले. हा मान मिळवणाऱ्या पहिल्या क्रिकेटपटूंत त्यांची गणना होते. पुढे देशातील प्रांतिक संघांच्या एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेस विजय हजारे करंडक असे नाव देण्यात आले. दरवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यांतील तरुण खेळाडू त्या करंडकासाठी झुंजतात. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे वयाच्या ८९ व्या वर्षी हजारे यांचे निधन झाले.

हजारे यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांनी आयुष्यात जितके विजय पाहिले, त्यांहून किती तरी अधिक पराभव पाहिले. पराभव टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. परंतु त्याला सामोरे कसे जावे, हे मात्र आपल्या हाती असते. सहकारी बाद होत असता, धावफलक शून्यावर अडलेला असता, आणि जिंकण्याची आशा मावळलेली असता, जो आपल्या वाट्याचा पुढचा चेंडू नीट खेळतो, त्याच्या आधाराने संघ पुन्हा उभा राहतो. कृष्णाकाठच्या एका शिक्षकाच्या मुलाने हे आपल्या बॅटने दाखवून दिले. सांगलीच्या आणि साताऱ्याच्या मातीत बलदंड मल्ल पुष्कळ झाले. हा अबोल फलंदाजही त्याच मातीचा, आणि धैर्यात तो कोणाही मल्लाहून उणा नव्हता.